मुलाच्या दप्तरात सापडलेली पुडी आणि कायदा



रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात कायद्यावरील लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आमच्या बाह्यरुग्ण विभागात मिळते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन आलेले आईवडील तक्रार सांगतात ती तोंड आल्याची, दातदुखीची किंवा जेवण कमी झाल्याची. डॉक्टरांनी तोंडात विजेरीचा उजेड टाकला की खरे कारण दिसून येते. त्यानंतर पहिला प्रश्न उपचारांचा असावयास हवा. परंतु पुष्कळदा तो निराळाच असतो. "साहेब, हे शाळेत कळेल का? पोलिसांत तर जाणार नाही ना?" या धास्तीने कित्येक कुटुंबे महिनोन्‌महिने गप्प राहतात आणि मूल आमच्यापर्यंत पोहोचते तेव्हा बराच काळ हातचा गेलेला असतो. अलीकडे या धास्तीत नवी भर पडली आहे ती ई-सिगारेटची, म्हणजे मुले जिला 'व्हेप' म्हणतात त्या उपकरणाची. जळगाव-धुळ्याकडील मुले शिक्षणासाठी पुण्या-मुंबईस, नाशिकला, सुरतेला जातात आणि सुटीत घरी येतात तेव्हा त्यांच्या बॅगेत ही वस्तू निघते. म्हणून मुलाजवळ अशी वस्तू सापडली तर आपल्या देशाचा कायदा नेमके काय म्हणतो, हे सविस्तर मांडावे असे आम्ही योजले.

मुख्य गोष्ट प्रथम सांगतो. तंबाखूची पुडी, बिडी किंवा सिगारेट अठरा वर्षांखालील मुलाच्या खिशात सापडली, एवढ्यावरून तंबाखूविषयक केंद्रीय कायदा त्या मुलाला गुन्हेगार ठरवत नाही. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान केल्यास २०० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ती लहानथोर सर्वांना सारखीच लागू आहे. परंतु जवळ बाळगणे, विकत घेणे किंवा चघळणे यासाठी मुलाला शिक्षा सांगणारे कलम त्यात नाही. कायद्याचा रोख आहे तो देणाऱ्या हातावर.

हा कायदा २००३ सालचा. त्याचे नाव लांबलचक असल्याने शासकीय कागदपत्रांत त्याचा उल्लेख 'कोटपा' असा होतो. त्याच्या कलम ६ ने दोन गोष्टींना बंदी केली. अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत आणि कोणत्याही शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत, म्हणजे सुमारे ९१ मीटरांच्या परिसरात, ते कोणालाच विकता येत नाहीत. हे अंतर शाळेच्या फाटकापासून रस्त्याने मोजावयाचे नसून कुंपणाच्या बाहेरील कडेपासून सर्व दिशांना सरळ रेषेत मोजावयाचे आहे. शाळेच्या मागच्या गल्लीतील टपरी 'आम्ही फाटकापासून लांब आहोत' असे म्हणते तेव्हा ते म्हणणे टिकत नाही. गिऱ्हाईक अज्ञान नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी नियमांनी विक्रेत्यावर टाकली आहे. 'मुलगा मोठा दिसत होता' ही सबब त्यामुळे पुरेशी होत नाही. २०११ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली : अठरा वर्षांखालील मुलाने तंबाखूची विक्री किंवा हाताळणीही करता कामा नये. वडील जेवावयास घरी गेले की शाळकरी मुलाने तासभर टपरीवर बसावे, हा आपल्या गावोगावचा रिवाज. तो या नियमात बसत नाही, हे पुष्कळ टपरीधारकांना ठाऊकच नसते.

आता शिक्षेचे पाहू. कलम ६ मोडणाऱ्यास जास्तीत जास्त २०० रुपये दंड. तडजोड करून जागच्या जागी तेवढी रक्कम भरली की प्रकरण मिटते. २००३ मध्येही ही रक्कम फार मोठी नव्हती; आज तर ती टपरीच्या एका सकाळच्या गल्ल्यातून सहज निघावी. आमच्या मते या कायद्याचे हे सर्वांत दुबळे अंग आहे.

परंतु गोष्ट तेथे संपत नाही. बालकांची काळजी व संरक्षण यांविषयीचा बाल न्याय अधिनियम २०१५ हा जानेवारी २०१६ पासून अमलात आला. त्याच्या कलम ७७ नुसार जो कोणी बालकास मद्य, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देईल अथवा देववील, त्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पात्र डॉक्टरांच्या सूचनेवरून दिलेल्या वस्तूचा तेवढा अपवाद. यापूर्वीच्या २००० सालच्या बाल न्याय कायद्यात मद्य आणि अमली पदार्थ होते, तंबाखू नव्हती. ती २०१५ मध्ये जाणीवपूर्वक घालण्यात आली. म्हणजे बारा वर्षांच्या मुलाच्या हातावर पुडी ठेवणे या एकाच कृत्याला एका कायद्यात २०० रुपये आणि दुसऱ्यात सात वर्षे अशी दोन मापे आहेत. कोणते माप लावावयाचे हे बहुधा तक्रार कोण, कोठे आणि कशी करतो यावर ठरते. तक्रार करणाऱ्यास कलम ७७ माहीत असणे म्हणूनच अगत्याचे.

'देववील' या शब्दापाशी थोडे थांबावे लागेल. खान्देशातील कोणत्याही गावात सायंकाळी ओट्यावरून ऐकू येणारे वाक्य आहे : "जाय रे भो, पुडी लई ये." सांगणारे आजोबा असतात, बाबा असतात, काका असतात, जाणारा असतो दहा वर्षांचा पोर. त्यात कोणाचाही वाईट हेतू नसतो. पण दुकानदाराने ती पुडी पोराच्या हाती दिली की त्याने कलम ६ मोडलेले असते, मग पुडी कोणासाठीही असो. आणि कलम ७७ शब्दशः वाचल्यास, पाठविणारे वडीलधारेही त्याच्या कक्षेबाहेर आहेत असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. घरोघरच्या आजोबांना तुरुंगाची भीती घालावी असा आमचा हेतू मुळीच नाही. मात्र पुडी आणावयास जाणारे मूल दुकानदाराला ओळखू लागते, भाव शिकते, वास ओळखते आणि उरलेल्या सुट्या पैशांत काय येते हेही शिकते. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातील १३ ते १५ वयोगटातील ८.५ टक्के विद्यार्थी कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होते, आणि बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी ती दहाव्या वाढदिवसाच्या आधीच सुरू केली होती. दहा वर्षांचे मूल तंबाखू शोधत फिरत नाही. ती त्याला घराच्या आसपासच भेटते. २०१६-१७ च्या प्रौढांच्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर खाण्याची वा लावण्याची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के आढळले. आपल्याकडे हा धुरापेक्षा पुडीचा प्रश्न आहे तो असा.

गुटख्याचे निराळे. राज्य शासनाने २००२ मध्ये प्रथम बंदी घातली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली. मग अन्नसुरक्षा कायद्याखाली अन्नपदार्थांत तंबाखू व निकोटिन मिसळण्यास मनाई झाल्यावर जुलै २०१२ मध्ये बंदी पुन्हा आली आणि वर्षागणिक तिचे नूतनीकरण होत गेले. पळवाटही लगोलग निघाली : सुपारीचा मसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत, आणि दोन्ही तळहातावर एकत्र. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यात एकमेकांना मिळतात, शेजारी दोन राज्यांच्या सीमा. गुटख्याची वाहने पकडल्याच्या बातम्या वाचकांना नव्या नाहीत. या बंदीचा रोखही उत्पादन, साठा, वाहतूक व विक्री यांवर आहे, खाणाऱ्यावर नाही.

आता ई-सिगारेट. तिच्यात तंबाखूचे पान नसते. बॅटरीवर तापणारी एक बारीक तार असते, आणि ग्लिसरीनसारख्या पदार्थात निकोटिन व फळांचे किंवा मिठाईचे सुवास मिसळलेला द्रव असतो. तार तापली की त्याची वाफेसारखी फवार होते आणि ती छातीत ओढली जाते. वास आंब्याचा किंवा पुदिन्याचा. रूप पेनड्राइव्हचे किंवा जाड रंगीत पेनाचे. आईने दप्तर आवरताना ती हातात घेतली तरी ती काय आहे हे तिला उमगत नाही. निकोटिन मात्र तेच, आणि वाढत्या वयातील मेंदूस त्याची सवय मोठ्यांपेक्षा लवकर जडते. घरात लहान भावंड असेल तर आणखी एक धोका आहे. हा द्रव चुकून पोटात गेल्यास उलट्या व झटके येऊन बाळाच्या जिवावर बेतू शकते.

केंद्र शासनाने १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम काढून आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा करून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात यांवर संपूर्ण बंदी घातली. येथे वयाचा प्रश्नच ठेवलेला नाही. तंबाखू अठराव्या वर्षानंतर विकत घेता येते, ई-सिगारेट ऐंशीव्या वर्षीही नाही. प्रथम गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड अथवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा ठेवण्यास जागा देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड अथवा दोन्ही. 'यात निकोटिन नाही, नुसता सुवास आहे' असे विकणारे सांगतात. कायद्याच्या व्याख्येत 'निकोटिनसह किंवा निकोटिनविरहित' असे शब्द आहेत, तेव्हा तीही पळवाट नाही. औषध म्हणून परवाना मिळालेली उत्पादने तेवढी वगळली आहेत.

मग मुलाने ती जवळ बाळगली तर? अधिनियमात 'वापर' हा शब्द निषिद्ध कृत्यांच्या यादीत नाही. साठवणीचे कलम पाहता ते मुख्यतः मालाच्या साठ्याविषयी आणि जागेवर ताबा असणाऱ्याविषयी आहे. तथापि २०२३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अशी भूमिका जाहीर केली की ई-सिगारेट कोणत्याही स्वरूपात, कितीही प्रमाणात जवळ बाळगणे हे या कायद्याचे उल्लंघन आहे. तेव्हा 'बाळगले तर काहीच होत नाही' असे मुलांनी समजू नये आणि पालकांनीही सांगू नये. तंबाखूची पुडी आणि व्हेप यांत कायद्याच्या दृष्टीने असलेला हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे.

तरीही, समजा प्रकरण पोलिसांपर्यंत गेले, तर अठरा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत पुढची वाट बाल न्याय अधिनियमाची आहे आणि ती प्रौढांच्या वाटेपेक्षा अगदी निराळी आहे. मुलाला पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा हा या कायद्यात 'किरकोळ' वर्गात मोडतो. प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते आणि मंडळ समज देऊन घरी पाठवू शकते, मुलाचे व पालकांचे समुपदेशन सांगू शकते, देखरेखीखाली काही समाजसेवा करावयास लावू शकते. त्या निर्णयामुळे पुढे नोकरी वा शिक्षणासाठी मूल अपात्र ठरत नाही, असेही कायद्यात लिहिले आहे. चौकशी चालू असलेल्या मुलाचे नाव, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करणे हाच उलट गुन्हा आहे. पकडलेल्या मुलाचा फोटो गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फिरविणारे गृहस्थ आपण समाजकार्य करीत आहोत असे समजतात; त्यांनी हे कलम वाचावे.

शाळांचीही येथे गल्लत होते. दप्तरात पुडी सापडली की मुलाला वर्गाबाहेर उभे करणे, छडी देणे आणि 'दाखला घेऊन जा' असे पालकांना सांगणे हा ठरलेला क्रम. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई आहे, आणि प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. शाळेच्या शिस्तीची आम्हांस कदर आहे. पण शाळेतून गेलेले मूल जाते कोठे? केळीच्या बागेत मजुरीला, गॅरेजवर किंवा त्याच टपरीवर. तेथे त्याला तंबाखू सोडविणारे कोणी भेटत नाही.

मुलाला शिक्षा करावी की देणाऱ्याला, हा वाद जुना आहे. इंग्लंडच्या १९०८ च्या बालक कायद्याने सोळा वर्षांखालील मुलांना सिगारेट विकणाऱ्यास दंड ठेवला. रस्त्यावर ओढणाऱ्या मुलाकडून पोलिसाने ती काढून घ्यावी, एवढेच मुलाबाबत सांगितले. आपल्याकडे बंगाल प्रांतात १९१९ मध्ये झालेला कायदा याच वळणाचा होता. अमेरिकेत मात्र अनेक राज्यांनी पुढे अल्पवयीनांनी खरेदी करणे, वापरणे आणि बाळगणे यांसाठी थेट मुलांनाच दंड, समाजसेवा किंवा सक्तीचे वर्ग अशा शिक्षा लावल्या. तेथील तंबाखूविरोधी आरोग्य संघटनांचाच त्यावर आक्षेप आहे : विक्रेता आणि कंपनी बाजूला राहते, गरीब वस्तीतील मुले पोलिसांच्या हाती अधिक सापडतात आणि व्यसनात अडकलेले मूल मदत मागण्याऐवजी लपू लागते. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने खरेदीचे वय २१ केले, तेव्हा जबाबदारी विक्रेत्यावरच ठेवली. सिंगापूरने दुसरे टोक गाठले. तेथे १ फेब्रुवारी २०१८ पासून ई-सिगारेट विकत घेणे, वापरणे आणि जवळ ठेवणे हाच गुन्हा आहे. ज्यांची मुले, नातवंडे तेथे शिकावयास वा नोकरीस जातात त्यांनी विमानात बसण्यापूर्वी बॅग तपासून पाहावी.

यातील कोणता मार्ग योग्य, याविषयी आमचे मत आम्ही लपवू इच्छित नाही. मुलाला शिक्षेच्या बाहेर ठेवण्याचा तंबाखू कायद्याचा निर्णय योग्य आहे, कारण तपासणीच्या खुर्चीत बसलेले मूल खरे बोलले तरच उपचार सुरू होतात. 'किती वर्षांपासून?', 'दिवसातून किती?', 'रात्री गालात ठेवून झोपतोस का?' या प्रश्नांना दंडाच्या भीतीने मिळणारे उत्तर निरुपयोगी असते. कमतरता आहे ती दुसऱ्या बाजूला : २०० रुपयांच्या दंडात, आणि सुपारीत.

सुपारीचे नाव वाचून काहींना नवल वाटेल. साधी सुपारी, गोड सुपारी, रंगीत वेष्टनातील सुगंधी सुपारी ही तंबाखू नाही, म्हणून 'कोटपा'च्या कलम ६ खाली येत नाही आणि कलम ७७ मध्येही तिचा उल्लेख नाही. लग्नकार्यात ती मुलांच्या हातावर आपणच ठेवतो. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच सुपारी स्वतःच, तंबाखू नसतानाही, माणसास कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. तोंडाच्या आतील मऊ अस्तर आखडून पांढरट, चिवट पट्टे तयार होणे आणि तोंड उघडेनासे होणे या आजाराचे मुख्य कारण सुपारी हेच आहे. लहान वयात हा आजार सुरू झाल्याचे पाहणे क्लेशदायक असते. आरंभीची खूण अशी की ज्या पोराने काल-परवापर्यंत शेवभाजी आणि ठेचा आवडीने खाल्ला, त्याला अचानक साधे तिखटही झोंबू लागते. पुढे पाणीपुरी तोंडात मावत नाही. घरच्या घरी पाहावयाचे झाल्यास मुलाला त्याची स्वतःची तीन बोटे, उभी एकावर एक धरून, दातांमध्ये घालावयास सांगावे. ती जात नसतील तर उशीर करू नये. सुपारी व तंबाखू त्या टप्प्यावर थांबली तर आजार पुढे सरकण्याचे पुष्कळदा थांबते. एकदा बसलेले पट्टे मात्र औषधाने पूर्णपणे जात नाहीत, आणि काही रुग्णांत पुढे तेथेच कर्करोग उद्भवतो.

व्हेप किंवा तंबाखू सोडताना पहिले काही दिवस मूल चिडचिडे होते, झोप नीट लागत नाही, अभ्यासात लक्ष लागत नाही. हे निकोटिन सुटण्याचे परिणाम असून साधारण दोन ते चार आठवड्यांत ते ओसरतात. घरच्यांनी त्या काळात त्याला हट्टी वा बिघडलेला ठरवू नये. मुलांच्या बाबतीत समुपदेशन हाच पहिला उपचार. दुकानात मिळणारे निकोटिनचे च्युइंगगम डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. वडील स्वतः तंबाखू खात असतील तर दोघांनी एकाच दिवशी सोडावी असे आम्ही सुचवितो. मुलाला नेऊन बसविण्यापेक्षा बापलेक एकत्र येणे दोघांनाही सोपे जाते.

देणगीदारांच्या साहाय्यातून मुलांची मुखतपासणी व समुपदेशन होते. त्यासाठी आलेल्या मुलाची माहिती उपचारांपुरतीच राहते आणि शाळेला कळविली जात नाही. ज्यांना रुग्णालयापर्यंत येणे शक्य नाही त्यांच्यासाठी तंबाखू सोडण्यास मदत करणारी राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर आहे. अडचणीतील मुलासाठी चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८. शाळेच्या परिसरातील विक्रीविरुद्ध तक्रार करावयाची असल्यास ती पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक वा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याकडे किंवा अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी द्यावी. अर्जात दुकानाची जागा, दिवस, वेळ आणि शाळेच्या कुंपणापासूनचे अंतर लिहावे. विक्री मुलाला झाली असेल तर 'कोटपा' कलम ६ सोबत बाल न्याय अधिनियम कलम ७७ चा स्पष्ट उल्लेख करावा आणि अर्जाची पोच घ्यावी. मुलाचे नाव अर्जात घालण्याची आवश्यकता नाही.